रविवारचं पाणी

पाप सांगायला मला लाज न्हाय, पण कन्फेशनच्या रांगेत उभं राहायचा लई कंटाळा. त्यातून मागं उभं आमचं भावजी, जोतीराम. हा माणूस दर रविवारी चर्चात मिस्सेच्या प्रार्थनेला येणार, पण नेमका प्रवचन संपल्यावर. लई शहाणं, असंच मला वाटायचं.

नंबर आला. "फादर, एका रविवाराआड मी मिस्सा बुडवते."

फादर संदेश म्हंजे कालचं पोरगं. मला म्हणतं, "सारजाबाई, रविवारची मिस्सा चुकवणं मोठं पाप आहे."

"आन् वांगी वाळवणं? विहीर तिघांत. भावजी, शेजारचा गोकुळ आन् मी. माझी पाण्याची पाळी रविवारी. मी हितं बारामतीला येऊन बसले की कोण मुडदा माझं पाणी आपल्या रानात वळवतोय. त्या गोकुळचं हात झडू देत!"

"अहो, कन्फेशनमध्ये शाप देऊ नका."

"मग कुठं देऊ?"

 फादर म्हणाले, "येत्या रविवारी छकुलीचं पहिलं कम्युनियन आहे, पहिल्यांदा प्रसाद घेणार ती. नातीसाठी तरी या."

झालं! छकुली पांढरा झगा घालून घरभर मिरवत व्हती, "आज्जे, माझ्याशेजारीच बसायचं" म्हणून बजावत व्हती. आन् तिकडं एप्रिलचं ऊन, फुलावर आलेली वांगी. आणखी एक पाळी हुकली तर उपटूनच टाकायची.

माझ्यामागनं भावजी आत गेले. बाहेर आले ते घाम पुसत, माझ्याकडं न बघता.

रविवारी गेले. जिभेवर प्रसाद, डोळ्यापुढं वांगी. छकुली मान वळवून जोतीराम आजोबाला शोधत व्हती. प्रवचन संपलं, मिस्सा संपली, भावजी न्हाईतच. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बया! ह्यो माणूस उशिरा का येतो ते आत्ता कळलं. आज तर सगळंच पाणी नेलं असंल!

पहिल्या एसटीनं आमचं कळस गाव गाठलं. छकुलीला मागं टाकून बांधावर पळाले, शिव्या तोंडात तयार.

भावजी माझ्याच वांग्यात. पँट गुडघ्यापातूर दुमडलेली, हातात खोरं. सगळ्या सऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलेल्या.

"वहिनी, तुमचं पाणी मीच न्यायचो," त्यांनी वर न बघता सांगितलं. "फादर म्हणाले, नेलं तेवढं परत द्या."

"म्हणून आजच? पोरगी तुमाला शोधत व्हती!"

"आज तुमी जाणार व्हता. मग पाण्याची दारं कोण धरणार?"

लई राग आला. रडूबी आलं. तेवढ्यात छकुली झगा वर धरून बांधावर आली.

"आजोबा, तुमी मिस्सा बुडवली. मोठं पाप लागतं."

असं म्हणून ती झग्यासकट चिखलात उतरली आन् त्यांच्या कमरेला बिलगली. आता ह्यो झगा कोण धुणार?

मी त्यांच्या हातातलं खोरं वढून घेतलं.

"जावा, च्या प्या. आन् शनिवारी रांगेत माझ्यामागंच उभं राहा. गोकुळला दिलेला शाप मला आधी सांगायचाय."