फ्रिजमधल्या किल्ल्या

माझ्या भाचीला सगळे मुंगी म्हणतात. लहानपणापासून ती स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली असते, म्हणून. आधी दप्तर, मग माझ्या केकचे खोके आणि गेली दोन वर्षं कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा आणि त्याचा ट्रायपॉड.

तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो बोटीवर इंजिनाच्या कामाला आहे, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मुंगी नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती माझ्याकडे. मी घरीच केक करून विकते. राग माझ्या नाकावर असतो असं लोक म्हणतात. ते खोटं नाही, पण तो केक बिघडवणाऱ्यांवरच असतो, हे कुणी सांगत नाही.

शाळा संपल्यावर मुंगीने जाहीर केलं की तिला व्हिडिओचं काम शिकायचंय. चित्रण, आवाज, जुळवाजुळव, सगळं. मी म्हटलं, शिक की, मोबाइल आहे ना हातात. त्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी केक विकत आणायला सांगितलाय. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक संस्था होती. तिथली फी भावाच्या आणि माझ्या आवाक्याबाहेरची होती, पण दर वर्षी तिथे तिघांना शिष्यवृत्ती मिळायची, शिकणं-राहणं सगळं धरून. ती मिळाली तर मुंगी जाणार, नाही मिळाली तर नाही. मधलं काही नव्हतं.

अर्जासोबत दोन गोष्टी हव्या होत्या. एक, काम करणाऱ्या कुणावरही केलेली तीन मिनिटांची फिल्म. दुसरी, पालकाचं हाताने लिहिलेलं पत्र, बंद पाकिटात: उमेदवार काम कसं करते, ते तुम्ही जसं पाहिलं तसं लिहा.

फिल्मसाठी तिला लांब जायची गरज पडली नाही. मी होतेच आयती.

त्या आठवड्यात माझ्याकडे मोठी ऑर्डर होती. निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या बायकोच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्यांना तीन मजली केक हवा होता. आदल्या संध्याकाळी मी क्रीम लावत होते आणि मुंगी कॅमेरा घेऊन माझ्याभोवती फिरत होती. मध्येच थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्या, फ्रिज फार घुरघुरतोय." मी म्हटलं, कुठे घुरघुरतोय, मला तर काही ऐकू येत नाही. बारा वर्षं तो माझ्या पाठीशी चालू आहे. मला त्याचा आवाज येणं कधीच बंद झालं होतं. तिने जाऊन बटण बंद केलं.

सगळं चित्रण झाल्यावर तिने एक वेगळंच काम सांगितलं. एक मिनिट गप्प बसायचं, हलायचंसुद्धा नाही. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते म्हणे, आणि ती नोंदवून ठेवावी लागते, नंतर जोडताना लागते. एक मिनिट गप्प बसणं मला फाशीपेक्षा कमी वाटत नाही. पहिल्या खेपेला मी वीस सेकंदांत विचारलं, ओव्हन बंद केलास का. दुसऱ्या खेपेला विचारलं, भूक लागलीय का. तिसऱ्या खेपेला बहुतेक सगळं मिनिट काढलं आणि अगदी शेवटी तोंडातून गेलंच, "झालं का?" मुंगीने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, राहू दे.

मग मी केक फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं आणि झोपले.

सकाळी दार उघडलं तेव्हा वरचा मजला खालच्या मजल्यावर उतरून बसला होता. क्रीम ताटात आलं होतं. फ्रिज रात्रभर बंद होता.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, एवढं पुरे. मुंगीने सगळं ऐकून घेतलं. तिने अंडी फेटायला घेतली, भांडी घासली, दुकान उघडायच्या आधी दारात उभी राहून क्रीम आणलं. दुपारच्या जेवणाला द्यायचा केक मी संध्याकाळी दिला. पोस्टमास्तर भले गृहस्थ. पन्नास वर्षं वाट पाहिली, आणखी चार तास काय, असं म्हणाले. त्यावर त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण माझा राग काही उतरेना. तीस वर्षांत माझा केक कधी उशिरा गेला नव्हता.

घरून निघताना कागद-पाकीट पर्समध्ये टाकलं होतं. येताना संस्थेकडे जाणारी बस समोर दिसली, तशी चढले आणि बसमध्येच पत्र लिहिलं. जसं पाहिलं तसं लिहा म्हणाले होते ना, तर घ्या. "माझ्या भाचीने चित्रणासाठी फ्रिज बंद केला आणि पुन्हा चालू करायला विसरली. माझा तीन मजली केक गेला. तिला फ्रिजचा आवाज खुपतो, पण फ्रिजमध्ये काय आहे ते दिसत नाही. ती काम अशी करते." खाली सही. पाकीट चिकटवलं आणि संस्थेची अर्जाची खिडकी बंद होता होता देऊन टाकलं. फार बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

घरी मुंगीने टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता. फिल्म जोडून झाली आहे, पण तुझं काम त्यात आहे, तू नको म्हणालीस तर मी पाठवणार नाही, असं ती खाली बघत म्हणाली. मी घुश्शातच खुर्ची ओढली.

तीन मिनिटं मी स्वतःकडे पाहत होते. खरं तर ऐकत होते. फिरत्या ताटावर सुरी घासल्याचा आवाज होता. माझा श्वास होता, कड वळवताना रोखलेला आणि मग सोडलेला. आणि मी केकशी बोलत होते. हळू आवाजात, लाडीगोडीने, "बस बाई, सरळ बस, शहाणी ना तू." मी असं बोलते हे मला तोवर माहीत नव्हतं. या घरात माझा आवाज नेहमी वरच्या पट्टीत असतो असं मला वाटायचं. शेवटी माझे हात थांबले, आणि नुसती खोली ऐकू येत राहिली: नळाचा एक थेंब, शेजारच्या शिंप्याचं मशीन. आणि मग माझं "झालं का?" ते तिने काढून टाकलं नव्हतं.

मला रडू आलं. मी सांगितलं, पाठव. पत्र देऊन आले एवढंच बोलले, त्यात काय लिहिलंय ते सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधी मी तिथे हजर होते. पत्र परत द्या, चुकून दिलं, असं कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, पाकीट नोंदलं गेलंय, आता परीक्षकच उघडणार. मी दुसरं पत्र देऊ केलं. नियमात नाही म्हणाला. केक देऊ केला. त्यावर तो जरा थबकला, पण नाहीच म्हणाला.

मुलाखत नऊ दिवसांवर होती. मुंगी मुलाखतीची तयारी करत होती आणि मी तिला वेळच्या वेळी खायला घालत होते. आपल्या हाताने मी तिच्या वाटेत धोंडा ठेवला होता, आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. दोनदा सांगायला गेले आणि दोनदा दुसरंच काहीतरी बोलून आले.

मुलाखतीला पालकांनाही आत बोलावत होते. लांब टेबलामागे तिघं बसले होते. कॅमेरा शिकवणाऱ्या एक बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला एक संकलक, म्हणजे फिल्मची कापाकापी करणारा, आणि कानांवर पांढरे केस उगवलेले एक म्हातारे ध्वनिमुद्रक. पत्र त्या म्हाताऱ्यांच्या हातात होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, सहीपर्यंत.

मी जमिनीकडे पाहत होते. मुंगीने वळून माझ्याकडे पाहिलं एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

म्हाताऱ्यांनी कागद खाली ठेवला आणि मुंगीला विचारलं, "किल्ल्या कुठे होत्या?"

तिला काही कळलं नाही. मलाही नाही.

"घराच्या किल्ल्या. आवाजासाठी फ्रिज बंद केला की किल्ल्या त्याच्यात ठेवायच्या. किल्ल्यांशिवाय आपण कुठे जात नाही. त्या घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो आणि मग चालू करायची आठवण होते." ते हसायला लागले. "आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही. प्रत्येक जण एकेक फ्रिज बिघडवून शिकतो."

त्यांच्यामुळे म्हणे एका डॉक्टरांच्या घरी पन्नास पाहुण्यांना आइस्क्रीम पेल्यातून प्यावं लागलं होतं. कॅमेऱ्याच्या बाईंच्या नावावर एका खाणावळीची अख्खी मासळी होती. संकलक म्हणाला, म्हणूनच मी कधी घराबाहेर पडत नाही.

ते सगळे हसत होते, पण माझ्याच्याने हसवेना. मी विचारलं, मी बोलू का. ते हो म्हणाले.

"पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही," मी म्हटलं. "आमच्या फ्रिजमधला दिवा दोन वर्षांपूर्वी गेलाय. ही मला चारदा म्हणाली बदलून घेऊ या. मी आळस केला. दिवा असता तर केक ठेवतानाच अंधार दिसला असता. केक तिने एकटीने नाही घालवला. आणि सकाळी माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन तिने अंडी फेटली, ते मी लिहायला हवं होतं. ती काम तशी करते."

 मग म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, यंदा साठ फिल्म्स आल्या आणि बहुतेकांनी घरातले आवाज झाकायला वरून संगीत ओतलंय. हिच्या फिल्ममधली शांतता खरी आहे की मशीनने साफ केलेली, यावर आमचा दोन दिवस वाद चालला होता. "तुमच्या पत्राने तो मिटवला. आवाज ऐकू येणाऱ्या पोरी आम्हाला सापडत नाहीत, बाई. किल्ल्यांचं काय, ते सांगता येतं."

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मी म्हटलं, चूक झाली माझी, रागाच्या भरात लिहिलं. ती म्हणाली, "लिहिलंस ते खरंच होतं. मला वाईट फक्त एकाचं वाटलं. नऊ दिवस तू एकटीच घाबरत बसलीस." मी तिचा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. ती अठरा वर्षांची आहे, तिने सोडवूनही घेतला नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. तीन नावांत तिचं दुसरं होतं. भावाला बोटीवर निरोप पाठवला तर त्याने उत्तरात नुसती शिट्टी वाजवून पाठवली. पावसाळा सरता सरता मी मुंगीला संस्थेच्या वसतिगृहात सोडून आले. जायच्या आदल्या दिवशी तिने फ्रिजमध्ये नवीन दिवा बसवला.

परवा तिचा फोन आला. पहिलंच मोठं काम मिळालंय, आवाजांतून घर उभं करायचं. तिला आमच्या स्वयंपाकघराची शांतता हवी होती. मोबाइलवर मुद्रित कर, एक मिनिट, आणि काही बोलू नकोस, असं तिने तीनदा बजावलं.

मी फ्रिज बंद केला. किल्ल्या अंड्यांच्या खाचेत ठेवल्या. मोबाइल टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि बसले.

नळाचा थेंब पडला. शिंप्याचं मशीन चाललं आणि थांबलं. कुणी ट्रायपॉड ओढत नव्हतं, कुणी डोळे मिटून उभं नव्हतं. मुंगी घरात नाही हे मला दोन महिने माहीत होतं. ऐकू आलं ते त्या मिनिटात. मी एक शब्द बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिनिट पुरं केलं आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. "छान आलंय, आत्या," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पण शेवटी तुझं 'झालं का' नाहीये."

मी म्हटलं, तूच सांगितलंस ना बोलू नकोस म्हणून. ती म्हणाली, हो, मीच सांगितलं. मग बराच वेळ आम्ही दोघीही फोन कानाला धरून गप्प होतो.

संध्याकाळी ओट्यावरचा बिनक्रीमचा केक पोहोचवायला निघाले तर किल्ल्या सापडेनात. पर्स उलटी केली, गादी उचलली, नसलेल्या मुंगीला दोन शिव्या घातल्या. मग आठवलं. फ्रिज उघडला तर आत अंधार होता आणि किल्ल्या गार पडल्या होत्या. मी बटण दाबलं. नवा दिवा लागला आणि फ्रिज घुरघुरायला लागला. हल्ली मला तो रोज ऐकू येतो.