थोरलीची मुदतवाढ

कॉम्प्युटरनं निरोप दिला आणि तो नेमका थोरलीच्या नजरेला पडला, इथूनच सगळं बिनसलं. एरवी ती त्या पडद्याकडं ढुंकूनही बघत नसे. कागदावर पेन्सिलीनं वेलबुट्टी काढायची थोरलीनं, आणि भरतकामाच्या मशीनला समजेल अशी ती कॉम्प्युटरात चढवायची धाकटीनं, अशी दोघी जावांची वाटणी. दुकान दोघींचं. वरवर गुण्यागोविंदानं चाललेलं. पण दूध नासायला मूठभर मीठ लागत नाही, चिमूट पुरते.

थोरली शाळेत जेमतेम गेलेली. तरी अक्षराला अक्षर जोडत तिनं सगळं वाचलं. या प्रणालीची मुदत संपत आहे, सुरक्षेसाठी मुदतवाढीची नोंदणी करा.

"कसली गं मुदत?"

"आतलं जे चालतं ना वहिनी, ते जुनं झालंय," धाकटी म्हणाली. "कंपनी त्याची डागडुजी बंद करतेय. नोंदणी केली तर आणखी एक वर्ष करेल. नाही केली तर चोरांना भोकं उघडी."

"मग नवा घे कॉम्प्युटर."

"नव्याशी आपली मशीन बोलत नाही. विचारलं मी दुरुस्तीवाल्याला."

"विचारलंस? मला न सांगता?"

धाकटीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "नोंदणीला खातं लागतं. माझ्या नावावर काढते. नंबर दुकानाचा देते."

खातं, आणि तिच्या नावावर. थोरली टॉवेलांचा गठ्ठा उचलून तिथून निघून गेली. न बोलणारी थोरली म्हणजे झाकण ठेवलेलं उकळतं पातेलं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी ती दोऱ्यांच्या रिळांच्या मांडणीमागं बसून टॉवेलांवरची सुटी टोकं कापत होती. पलीकडं धाकटी आपल्या फोनवर बोलत होती. आवाज दबलेला, आणि दबलेला आवाज थोरलीला नेहमीच जास्त स्पष्ट ऐकू यायचा.

"थोरलीला आणखी एक वर्ष ओढायचं, बस्स. मग बाजूला करावंच लागेल. हो ना, सकाळी जागं व्हायलाच तिला किती वेळ लागतो. नवीन काही डोक्यात घेतच नाही. सगळ्या नक्ष्या तिच्यापाशी अडकल्यात म्हणून, नाहीतर केव्हाच काढली असती."

थोरलीची कात्री टॉवेलातच थांबली.

सून म्हणून दोघी एकाच उंबऱ्यातून आत आलेल्या. हिला मापं घ्यायला थोरलीनं शिकवलं, दोऱ्याचा रंग उजेडात धरून बघायला शिकवलं. आणि ही तिला बाजूला करणार. तिच्या हातच्या सगळ्या पाकळ्या, सगळी पाखरं आता त्या काळ्या डब्यात होती. कागद कधीच वाळवीनं खाल्ले होते. डबा धाकटीच्या नावावर गेला, की थोरली कोण? टोकं कापणारी एक बाई.

तेवढ्यात तिच्या गळ्यातल्या पिशवीत दुकानाचा फोन वाजला.

"वहिनी, खात्यासाठी आकडा आला असेल बघा. सांगा पटकन."

थोरलीनं फोन लांब धरून वाचला. मग पुन्हा वाचला. मग पिशवीत ठेवला.

"नाही सांगत."

"का?"

"यात लिहिलंय, हा आकडा कोणालाही सांगू नका. तू कोणालाहीत येतेस."

"अहो, ते चोरांसाठी असतं."

"तेच म्हणतेय मी."

धाकटीनं माऊस सोडला. "मी चोर?"

"मी नाव नाही घेतलं."

"आज शेवटचा दिवस आहे वहिनी. उद्या काही शिरलं आत, तर तुमच्याच नक्ष्या जातील."

"जाऊ देत. घरातल्या घरात गेल्या तर जास्त लागतं." थोरली उठून समोर उभी राहिली. "थोरलीला एक वर्ष ओढायचं, मग बाजूला करायचं. असंच म्हणालीस ना? नवीन काही घेत नाही डोक्यात. कान अजून चालतात म्हटलं थोरलीचे."

मशीनवर बसणारी बाई एकाएकी खाली वाकून सुई बदलायला लागली. सुई चांगली होती.

"वहिनी, ती तुम्ही नाही हो," धाकटी म्हणाली. तिनं कॉम्प्युटरकडं बोट केलं. "ही. हिला मी आणि दुरुस्तीवाला थोरली म्हणतो. मघाशी त्याच्याशीच बोलत होते."

"का?"

"सगळ्यात जुनी म्हणून."

"आणि?"

"आणि उठायला वेळ लावते म्हणून." धाकटीची मान खाली गेली. "आणि कुरकुरते."

हे सांगणं काही कमी झोंबणारं नव्हतं. पण थोरलीला अजून ते सरळ वाटेना. पकडलं गेलेलं माणूस सापडेल त्या फांदीला धरतं.

"लाव त्या दुरुस्तीवाल्याला फोन. मोठ्या आवाजावर ठेव. एवढंच विचार, थोरलीचं काय करायचं. पुढं एक अक्षर बोललीस तर बघ."

फोन लागला. धाकटीनं विचारलं.

"थोरलीचं ना?" पलीकडून आवाज आला. "नोंदणी करा आणि जरा पंखा साफ करून घ्या तिचा. फार धापा टाकते."

मशीनवालीला हसू आवरेना, ती पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. थोरलीनं फोन बंद केला आणि ती धाकटीकडं वळली. चोर नव्हती निघाली, टवाळ निघाली होती. चोराला घराबाहेर काढता येतं. टवाळाबरोबर जन्म काढावा लागतो, पण निदान झोप तरी लागते.

"सरक," ती म्हणाली.

आकड्याची वेळ उलटून गेली होती. दुसरा मागवला. तो थोरलीनं स्वतःच कॉम्प्युटरात टाकला, एका बोटानं, दुसऱ्या हाताचा आडोसा करून. धाकटी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पडद्यावर आता दोन वाटा आल्या. एक फुकट, पण त्यासाठी कॉम्प्युटरची प्रत वर पाठवायची. दुसरी पैसे भरून.

"वर म्हणजे कुठं?"

"कंपनीकडं. म्हणतात, नुसती आतली मांडणी, म्हणजे सेटिंग, नेतात, नक्ष्या नेत नाहीत."

"म्हणतात."

"दुरुस्तीवाला म्हणत होता, फुकटचं घ्या. मी म्हटलं, नक्ष्या वहिनींच्या आहेत, त्यांना विचारल्याशिवाय वर काही जाणार नाही."

थोरलीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. खरं असेल. नसेलही. ऐकायला मात्र बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच तिनं ते पुरतं गिळलं नाही.

"फुकट ते पौष्टिक हे खाणाऱ्यानं म्हणावं, वाढणारा म्हणायला लागला की ताट तपासावं. पैसे भर. दुकानाच्या गल्ल्यातले."

धाकटीनं भरले. मुदत वाढल्याचा निरोप आला. तो थोरलीनं अक्षराला अक्षर लावून तपासला, मगच खुर्ची ओढून तिथं बसली आणि कोरा कागद मागितला.

"हे कशाला?"

"सगळ्या नक्ष्या परत कागदावर घ्यायच्या. तू एकेक दाखव, मी काढते."

"अजून विश्वास नाही ना माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे थोडा," थोरली पेन्सिलीला टोक करत म्हणाली. "हिच्यावर नाही."

धाकटीनं पहिली नक्षी उघडली, आणि थोरलीला नीट दिसावं म्हणून पडदा तिच्या बाजूला वळवला.