गाडीखालचा कागद

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती गेली बावीस वर्षं रंगीत खडूंनी फळ्यावर काढत आलोय, आणि ती इतकी देखणी काढतो की पुसताना माझाच जीव तुटतो. खऱ्या गाडीचं बॉनेट मात्र गेल्या महिन्यापर्यंत मी एकदाही उघडलं नव्हतं. हे आधीच कबूल करतो, कारण ही गोष्ट माझ्या वहिनींची आहे आणि तिच्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

दादाची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला चार वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, आणि ते हॉस्पिटल घाटाच्या पलीकडे, पन्नास मिनिटांवर. त्यातही सोमवार चुकवायचा नाही, कारण शनिवार-रविवार अशा दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असतं. वहिनी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांनी जन्मात सायकलही चालवली नव्हती. दीड महिन्यात त्या घरातली जुनी गाडी चालवायला शिकल्या. मी कौतुक करायला गेलो तर म्हणाल्या, "नुसती चालवता येऊन काय उपयोग, भाऊजी? घाटात बंद पडली तर ह्यांना काय पाठुंगळी घेऊन जाऊ?" दुसऱ्या दिवसापासून त्या मेकॅनिकच्या गॅरेजात स्टुलावर जाऊन बसू लागल्या. तो आधी वैतागला, मग त्यांच्या प्रश्नांना सरावला, आणि शेवटी आपणहून शिकवायला लागला.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक कॅलेंडर आहे. त्यावर घरातल्या कुणाचेही वाढदिवस नाहीत, गाडीचं अख्खं वर्ष आहे. ऊन तापायच्या आधी इंजिन गार ठेवणारं कूलंट. चाकांतली हवा सकाळी, टायर गार असताना. पावसाळ्याआधी वायपरची रबरं आणि ब्रेक. थंडीच्या तोंडावर बॅटरी. वहिनींचे कान तर असे की आमची असो वा शेजाऱ्याची, गाडी सुरू होताना जरा जड कण्हली तरी त्या म्हणणार, "बॅटरी पंधरा दिवसांची पाहुणी आहे." आणि बरोबर पंधराव्या दिवशी शेजाऱ्याची गाडी बंद पडायची, कारण आमची बॅटरी चौदाव्या दिवशीच बदललेली असायची आणि त्याने त्यांचं ऐकलेलं नसायचं. ब्रेक दाबल्यावर चीं झालं की पॅड झिजले. गाडीत गोडसर वास आला की कूलंट गळतंय. मी सगळ्यांना सांगायचो की हे अंदाजपंचे दाहोदरसे आहे, आणि सगळे माझ्याकडे दया आल्यासारखे बघायचे.

शिवाय तो कागद. रोज संध्याकाळी गाडी लावली की वहिनी इंजिनाच्या खाली जुनं वर्तमानपत्र पसरायच्या आणि सकाळी ते ओढून वाचायच्या. हिरवट डाग कूलंटचा, तपकिरी तेलाचा, नुसती ओल म्हणजे एसीचं पाणी. आमच्या गाडीचा एक थेंब ठरलेला होता: तपकिरी, नाण्याएवढा, डाव्या कोपऱ्यात. इंजिनाचं एक सील जुनं झालं होतं आणि ते बदलायचं तर सगळं इंजिन उतरवावं लागणार होतं. "एवढं तर माणूसही गळतं," वहिनी म्हणाल्या, आणि दर रविवारी तेल मोजून कमी पडेल तेवढं ओतू लागल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीला बाळ झालं. महिनाभर तिच्याकडे जाणं भाग होतं. मला शाळेची सुट्टी होती, तेव्हा गाडी आणि दादा दोन्ही माझ्या ताब्यात आले. सूचना दोनच होत्या: रोज कागद बघायचा, रविवारी तेल बघायचं. कागद मी बघायचो, कारण त्याला नुसतं वाकावं लागतं. तेल बघायला हात काळे होतात. फोनवर वहिनी विचारायच्या, "तेल बघितलंत?" आणि मी खुशाल म्हणायचो, "बघितलं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो बैल मीच.

दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू करताना टकटक व्हायला लागली. मी रेडिओ मोठा केला. तिसऱ्या आठवड्यात घाटातल्या वळणांवर समोर किटलीसारखं एक लाल चित्र पेटायचं आणि लगेच विझायचं. "वायर ढिली असेल," मी दादाला सांगितलं, आणि वर कंपनांवर छोटंसं व्याख्यानही दिलं. दादा काही बोलला नाही.

दादा काही बोलला नाही, यात खरं तर मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. माझा भाऊ जन्मजात कुरकुऱ्या. चहा, उशी, हवा, माझं इंग्रजी, कशावरही त्याची तक्रार असायची. त्या महिन्यात मात्र तो हळूहळू गप्प होत गेला. मला केवढं बरं वाटलं! वहिनींना मी फोनवर सांगितलंसुद्धा, "दादा माझ्याजवळ अगदी शहाण्यासारखा राहतो. एक तक्रार नाही." त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

चौथा सोमवार उजाडला. सव्वासात वाजले होते, दादा पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसला होता. मी कागद ओढला आणि आनंदाने वहिनींना फोनच लावला.

"वहिनी, खूशखबर! आज कागद कोरा. एक थेंब नाही. तुमची गाडी बरी झाली!"

पलीकडे बाळ रडत होतं. 

"गाडी चालू केलीत?"

"नाही अजून."

"किल्ली खिशात टाका. भाऊजी, जुनी गाडी आपोआप बरी होत नसते. गळत नाही म्हणजे गळायला काही उरलेलं नाही. काल तेल किती होतं?"

"वहिनी, मी... मी एकाही रविवारी बघितलेलं नाही."

मला वाटलं, आता माझी सालटी निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. बॉनेट उघडा."

मी आधी पेट्रोलचं झाकण उघडलं, मग डिकी. तिसऱ्या प्रयत्नात बॉनेट उघडलं. तीनशे किलोमीटरवरून वहिनी मला माझ्याच पुढ्यातली वस्तू दाखवत होत्या: "उजव्या हाताला पिवळी कडी दिसते? ओढा. तेल मोजायची पट्टी पुसा, परत घाला, परत काढा." मी रुमालाने पुसली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा तिच्या टोकाला तेलाचा नुसता वास होता.

"कोरडी आहे," मी म्हणालो.

"सकाळी टकटक होते?"

"होते."

"वळणावर लाल दिवा?"

"आठवडा झाला."

बावीस वर्षांत एकाही परीक्षेत मी कुणाला इतके बरोबर प्रश्न विचारले नसतील. इंजिन घाटात जाम झालं असतं, शेजारी अंगात दोन दिवसांचं पाणी घेऊन बसलेला दादा असता, आणि मी कंपनांवर बोलत बसलो असतो.

तेवढ्यात गाडीतून दादा म्हणाला, "राहू दे रे. एक दिवस नाही गेलो म्हणून काय बिघडतं? नाहीतरी किती दिवस पळवणार मला." अगदी शांतपणे म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

वहिनींनी ते ऐकलं, पण आधी मला कामाला लावलं. "जिन्याखाली निळ्या बादलीमागे तेलाचा डबा आहे. पळा."

अर्धा लिटर ओता, थांबा, मोजा. परत ओता, थांबा, मोजा. "घाई नको, जास्त झालं तरी वाईटच." दीड लिटर तेल त्या इंजिनाने प्यायलं तेव्हा कुठे पट्टीवर खुणेपर्यंत ओल आली. मग गाडी चालू केली. लाल किटली विझली.

"फोन इंजिनाजवळ धरा," वहिनी म्हणाल्या.

मी धरला. त्या ऐकत राहिल्या. "टकटक अजून आहे... थांबा... कमी होतेय... गेली. आता जा. वळणं हळू घ्या. दिवा लागला तर तिथंच बंद करा, टॅक्सीवाल्याचा नंबर कॅलेंडरवर आहे, लिहून घ्या. येताना मेकॅनिककडे. आणि आता फोन ह्यांना द्या."

मी दादाच्या हातात फोन दिला.

"अहो, भाऊजी चहा कसा करतात?"

"बरा करतो."

"बरा? चौतीस वर्षांत माझ्या चहाला तुम्ही कधी बरा म्हणाला नाहीत. आणि उशी?"

"ठीक आहे."

वहिनींचा आवाज पहिल्यांदाच हलला. मघा तेल नव्हतं तेव्हाही तो हलला नव्हता. "तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते हो. काय दुखतंय ते सांगत जा. मला ऐकायचंय."

दादाने खिडकीबाहेर तोंड वळवलं. मग तो म्हणाला, "चहा नाही तो, भांडी धुतलेलं पाणी आहे. दिवसाला मला अर्धा कप मिळतो, तोही असा! उशीत दगड भरलेत. आणि हा वळणावर गाडी अशी फेकतो की माझं काळीज घशात येतं. तू कधी येतेस?"

"शुक्रवारी."

"बुधवारी ये," दादा म्हणाला.

घाटभर त्याचं तोंड बंद नव्हतं. गिअर उशिरा टाकतोस, हॉर्न कशाला वाजवतोस, मास्तरांना लायसन्स देतं कोण. मी एकही शब्द उलटून बोललो नाही. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो. नर्सने वजन केलं, साठलेल्या पाण्याने साडेतीन किलो जास्त होतं. ती म्हणाली, "बरं झालं आलात."

मंगळवारी सकाळी अंगणात मी गुडघ्यांवर बसून कागद ओढला. डाव्या कोपऱ्यात थेंब होता: तपकिरी, नाण्याएवढा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तो कागद तसाच घेऊन मी आत पळालो आणि दादासमोर धरला.

त्याने चष्मा लावून नीट बघितला. "आलाय," तो म्हणाला. "जा, तिला फोन कर. आणि आधी चहा आण. आज तरी साखर विरघळव."