सैल सोडलेला पुढचा ब्रेक

मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता सिनू नदीच्या घाटावर नेविस आर्येता हिची मोटरसायकल उतारावरून घसरली आणि पलीकडे जाणाऱ्या तराफ्याच्या कडेला आदळून थांबली. पुढचे चाक पाण्यात गेले. नेविसचा गुडघा खरचटला, मागे बांधलेली लशींची थंड पेटी शाबूत राहिली. तराफ्यावर एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती. चाक तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले.

नेविस आरोग्य केंद्रात लसीकरणाचे काम करते. नदीपलीकडच्या वस्त्यांत पायी जाऊन दिवस पुरत नाही, म्हणून तिच्या मामाने, निकानोरने, आपली जुनी गाडी तिला दिली होती. गाडी शिकून तिला महिनाही झाला नव्हता.

ती घरी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. मामा अंगणात उभा होता. त्याने किल्ली मागितली. त्या वस्त्यांत दुसरे कोणी जात नाही, तिथली बाळे लशीवाचून राहतील, असे नेविसने सांगून पाहिले. मामाचे म्हणणे होते की बाळांची काळजी सरकारने करावी. त्याला आपल्या बहिणीला तोंड दाखवायचे आहे.

नेविसने किल्ली दिली नाही. तिच्या डोक्यात वेगळेच घोळत होते. मागचा ब्रेक तिने पूर्ण दाबला होता, मागचे चाक फिरायचेही थांबले होते. मग गाडी का थांबली नाही? ओली माती, मामा म्हणाला. पण तिच्या जरा आधी मोटरसायकलवर केळ्यांचे घड लादलेला एक माणूस त्याच मातीवरून उतरला होता आणि सहज थांबला होता.

ती गाडीपाशी उकिडवी बसली. टायर पाहिले, चेन बोटाने हलवून पाहिली, मग पुढच्या ब्रेकची दांडी दाबली. दांडी काही न अडता थेट हँडलच्या मुठीला टेकली.

"मामा, ही इतकी ढिली कशी?"

"मीच सैल केलीय," मामा शांतपणे म्हणाला. नवीन माणूस पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडलवरून उडून पडतो, म्हणून गावात कोणालाही पहिली गाडी देताना घरातला मोठा माणूस चाकापाशी असलेला पुढच्या ब्रेकचा नट गुपचूप सैल करतो. त्याच्या बापाने त्याच्या गाडीचा केला होता, त्याने कित्येकांचा केला.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुझा हात शिवशिवला असता." मग त्याने घराकडे बोट दाखवले. "तुझ्या मामीला बघ. लग्न झाल्यापासून गाडीवरून चीज विकत फिरतेय. एकदा तरी पडली का? तिचाही मीच सैल केला होता."

रोस्मिरा मामी उकडलेल्या युकाच्या कंदाची ताटली घेऊन दारात आली होती.

"केला होतास," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवळला. अजूनही ढिला झाला की आवळते. तुझ्याच पान्याने."

निकानोर मामीच्या गाडीपाशी गेला आणि त्याने दांडी दाबली. दांडी अर्ध्यात घट्ट अडली.

मामीने ताटली ठेवली. नेविसच्या गाडीचा नट तिने थोडाथोडा आवळला. दांडी दोन बोटे हलली की ब्रेक लागावा आणि सोडल्यावर चाक मोकळे फिरावे, एवढाच. मग तिने नेविसला गाडी हाताने ढकलायला लावली. मागचा ब्रेक दाबला तेव्हा मागचे चाक अडले आणि धुळीत रेघ ओढत फरपटत पुढे गेले. पुढचा दाबला तेव्हा गाडीचे तोंड खाली झुकले आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

नेविसने पुन्हा ढकलून पाहिली. मग आणखी एकदा.

"भार पुढे येतो," ती म्हणाली.

"उतारावर आणखीच येतो. मागचं चाक हलकं होतं, ते बिचारं काय थांबवणार? उडतो तो घाबरून एकदम दाबणारा. हळूहळू दाबायचं, गाईची धार काढतेस तसं. चिखलात त्याहून हलकं, आणि उतार यायच्या आधीच वेग कमी करायचा." मामी नवऱ्याकडे वळली. "हे शिकवायला एक दुपार लागते, निकानोर. नट सैल करणं सोपं असतं."

इतकी वर्षे गप्प का राहिलीस, असे नेविसने विचारले.

"बोलले असते तर हा आठवडाभर तोंड फुगवून बसला असता. म्हटलं, माझं नीट चाललंय ना. आज ती कोंबडीवाली नदीत गेली असती, तर ते माझ्याही माथी होतं."

मामाने किल्ली पुन्हा मागितली नाही. दुपारी तो नेविसला घेऊन फुटबॉलच्या रिकाम्या मैदानावर गेला आणि पुढचा ब्रेक कसा दाबायचा हे शिकवू लागला. आधी त्याला स्वतःलाच शिकावे लागले.

नागरिकहो, आपल्या घरातही असे नट सैल केलेले असतात. ज्याची काळजी वाटते त्याच्या हातातले साधन आपण न सांगता निकामी करतो आणि त्याला माया म्हणतो. माया असेल तर शिकवायला वेळ द्यावा. आणि ज्याला खरे ठाऊक आहे त्याने ते स्वतःपुरते ठेवू नये. गाडी नवी असो वा जुनी, रोज निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. कोणी दिली आहे, हे पाहून विसंबू नये.

शुक्रवारी नेविस त्याच उतारावरून तराफ्यावर उतरली आणि पलीकडे गेली. निकानोर सध्या पाना घेऊन गावात फिरतो आहे. आपण सैल केलेल्या गाड्या आठवून आठवून तो आवळतो. एक गाडी राहिली आहे. ती नेविसचा धाकटा भाऊ एव्हेलियो बारांकिया शहरात घेऊन गेला आणि तिथे तो भर गर्दीतून घरोघरी जेवण पोहोचवतो. मामाने त्याला तीनदा फोन केला, मग निरोप पाठवला. रविवारी रात्रीपर्यंत तो निरोप वाचला गेलेला नव्हता.