धाकटीच्या चपला

आमच्या घरात धाकटीला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते थेट झोप लागेपर्यंत. मी शिवणकाम करते, घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे. मशीनच्या खडखडाटातही तिचा आवाज वर यायचा. "अगं बाई, तोंडाला जरा कुलूप घाल," हे मीच तिला शंभरदा म्हटलं असेल.

आणि आता समुद्रकाठच्या भाड्याच्या खोलीत आई खाटेवर गुडघ्याला तेल चोळतेय, मी खिडकीशी, आणि आमचा रेडिओ चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळत गप्प. "प्रवासाने दमली असेल," आई म्हणाली. मीही तसंच धरून चालले.

जावईबापूंना दूरच्या एका बेटावर, मासळी गोठवायच्या कारखान्यात, मोठी जागा मिळाली होती. धाकटीला घेऊन ते कायमचे तिकडे चालले होते. बेटाची बोट याच गावाच्या धक्क्यावरून सुटते, तीही आठवड्यातून एकदा. तेव्हा जाण्याआधी सगळ्यांनी मिळून इथे थोडे दिवस आराम करू, आईंना आणि ताईंनाही घेऊ, ही कल्पना त्यांचीच. सासूला आणि मेव्हणीला सुट्टीला नेणारा जावई! आईला आभाळ ठेंगणं झालं.

गाव खरंच आरामाचं होतं. दारात पायरी, पायरीला लागून वाळू, माडांना बांधलेले दोरीचे पाळणे, उपड्या घातलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी. कुणाला कसली घाई नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही पाण्यात पाय बुडवायला गेलो. धाकटीने चपला काढल्या, तशा जावईबापूंनी लगेच उचलल्या. वाळू झटकली, एकीवर एक ठेवल्या आणि काखेत धरल्या.

"बघितलंस?" आईने मला कोपर मारलं. "बायकोच्या चपला उचलणारा नवरा! दिवा घेऊन शोधलास तरी सापडायचा नाही."

खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. लग्न केलं नाही ते बरं केलं, असं मी येता-जाता म्हणत असते, पण त्या संध्याकाळी जरासा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी वाळू तापली. आई आणि मी माडांच्या सावलीत शहाळ्याचं पाणी पीत बसलो होतो. धाकटी पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत उभी. मी हात केला, "ये की इकडे!" तिने नुसतीच मान हलवली. मधली सगळी वाळू तव्यासारखी, आणि तिच्या पायात काही नाही. चपला कुठे? तर पलीकडच्या पाळण्यात जावईबापू पहुडलेले, त्यांच्या पोटावर. ते तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता उठतील, मग उठतील. ते आपले झोके घेत राहिले. भरती लागली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत आलं, तरी ती जागची हलली नाही.

शेवटी मी उठले. तसे ते टुणकन उठले, हसत हसत गेले आणि तिला हाताला धरून कोरड्यात आणून, वाकून तिच्या पायात चपला घातल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

संध्याकाळी न्हाणीघरामागे कपडे पिळताना मी धाकटीला गाठलं. तिच्या अंगातला ड्रेस मीच शिवलेला, लग्नाआधीच्या मापाने. तो खांद्यावरून घसरत होता.

"स्वतःच्या चपला स्वतः का नाही धरत गं?"

"त्यांना आवडतं सांभाळायला."

"आणि घरी?"

"घरी कपाट आहे ना चपलांचं." ती कपडा आणखी घट्ट पिळत म्हणाली. "किल्ली त्यांच्याजवळ असते. आमच्या भागात चोऱ्या फार होतात."

"मग तुला बाहेर जायचं झालं तर?"

"मला कुठे जायचंय, ताई?"

भाजी आणायला म्हणून जायची आणि अख्ख्या गल्लीशी बोलून यायची, तीच ही पोर.

मी काही हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. सकाळी उठले, गावातल्या दुकानातून तिच्या मापाच्या लाल चपला आणल्या आणि सगळ्यांसमोर तिच्या पायात घातल्या. आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. जावईबापूही हसले. "ताई, किती माया तुमची!" दुपारी बघते तर त्या चपला घरमालकिणीच्या मुलीच्या पायात.

"एका माणसाला दोन जोड कशाला?" जावईबापू म्हणाले. "बघा, ती किती खूश झाली." आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की माझ्या अंगावर काटा आला. जावईबापू वगैरे माझ्यापुरतं तिथे संपलं. मनातल्या मनात मी त्याला अरेतुरे करायला लागले.

मग आईशी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तेलाच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "लोकांना काय सांगशील? नवरा चपला सांभाळतो म्हणून बायकोला परत आणली? शेण घालतील तोंडात."

"आई, ती बोलत नाही गं."

"लग्न झालं की पोरी पोक्त होतात."

"पोक्त कसली, घाबरलीय ती. त्या बेटावर गेली ना, तर परत दिसायची नाही आपल्याला."

"जिभेला काही हाड?" आई कडाडली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

राग आला मला तिचा. पण खरं सांगायचं तर माझ्याही हातात काय होतं? मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बोट ठेवायला जागा होती. इथे गाऱ्हाणं घालायचं तर कशाचं?

बोटीचा दिवस उजाडला. बोट दुपारी होती. आईची आणि माझी घरी जायची बस तिच्या जरा आधी, माडांमागच्या रस्त्यावरून. शेवटचं पोहून येतो म्हणून तो पाण्यात शिरला. धाकटीच्या चपला खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली दोरीत ओवून त्याच्या गळ्यात. धाकटी आपली नेहमीसारखी ओल्या वाळूत उभी.

मी तडक तिच्याकडे गेले. माझ्या पायातल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"घाल आणि चल. बस उभी आहे."

"तुझे पाय?"

"माझ्या पायांचं मी बघते. चल म्हणते ना!"

तिने समुद्राकडे पाहिलं. त्याने आम्हाला बघितलं होतं. तो वळला होता आणि सावकाश हात मारत काठाकडे येत होता. धाकटीने चपला घातल्या. तिला त्या मोठ्या होत होत्या, फटक फटक वाजत होत्या, पण ती चालत होती. पुढे ती, मागे मी. आई गं! पायाखाली निखारे पसरल्यासारखी वाळू. सावलीत पोचेपर्यंत तळव्यांना फोड आले. पण पुढे चाललेली तिची पाठ बघून मला इतका आनंद झाला होता की रडूच फुटायचं बाकी होतं.

रस्त्यावर आई सामानाशी उभी होती. बसचं इंजिन सुरू होतं. मी बसच्या दांडीला धरलं आणि एक पाय उचलून तळवा बघितला. तो धाकटीनेही बघितला.

तेवढ्यात तो आला. ओले केस, कोरडा शर्ट, हातात तिच्या चपला. ओरडला नाही की डोळे वटारले नाहीत. "अरेरे! आई, ताईंचे पाय बघा, किती भाजलेत." मग बायकोकडे वळून अगदी हळू, "बघ, काय झालं तुझ्यामुळे."

धाकटीचा चेहराच विझला. तिने माझ्या चपला काढल्या, वाकून माझ्या पायांपाशी नीट जोडून ठेवल्या. "चुकलं माझं, ताई," म्हणाली आणि अनवाणीच धक्क्याकडे चालायला लागली. तो तिच्या मागोमाग, तिच्या चपला काखेत धरून.

धक्क्याचा रस्ता खडीचा. पोरगी पावलापावलाला दचकत होती.

"अगं, पायात घाल म्हणावं तिला," आई पुटपुटली. मग मोठ्याने, "जावईबापू, चपला द्या तिला!"

त्याने वळून हसून हात हलवला आणि चालत राहिला. आईने माझा दंड पकडला.

"पुढच्या बोटीला इथे येऊन उभी राहा," मी तिला म्हटलं. "आम्ही दोघी उतरलो नाही, तर थेट पोलिसांत जा. चपलांचं सांग. हसले तरी सांग."

"आणि तू कुठे निघालीस?"

"धाकटीबरोबर."

खांद्याला पिशवी होती, तिच्यात कात्री आणि मापाची टेप, तेवढंच माझं सामान. फोडांवर चपला चढवल्या तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण गेले. बोट सुटायच्या बेतात होती. मी फळीवरून आत पाऊल टाकलं आणि त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. क्षणभरच. लगेच परत आलं.

"अरे वा, ताई! बेट बघायला येताय?"

"हो. बहिणीचं घर लावून देते."

"आनंद आहे."

खलाशाने फळी आत ओढून घेतली. धक्का मागे सरकायला लागला. आई लंगडत टोकापर्यंत आली होती, ती तिथे एवढीशी दिसत होती. त्याने माझ्यापुढे हात केला.

"बोटीत चपला नकोत हं, ताई, पाय घसरतो. द्या इकडे, मी सांभाळतो."

मी दिल्या नाहीत. त्याच्या हाताला वळसा घालून धाकटीच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर समुद्राकडे बघत, ओठ जेमतेम हलवत, ती म्हणाली, "ताई, झोपतानासुद्धा काढू नकोस."