अप्पांचा नंबर

आमच्या दुकानात आता मीठ मागितलं तरी आधी मोबाईल नंबर द्यावा लागतो. हे डोकं माझ्या धाकट्या भावाचं, गगनचं. नंबर सांगा, ओटीपी सांगा, मग सवलत. मोबाईल नसेल तर पूर्ण भाव. अय्यो, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच तर आमच्या वडिलांनी, अप्पांनी, या अग्रहार वस्तीत हे स्वस्त दुकान घातलं होतं!

अप्पा गेल्यावर दुकान आम्हा दोघांचं झालं, निम्मं निम्मं. कॉम्प्युटर गगनचा, काउंटर माझं. मग मीही डोकं चालवलं. अप्पांचा फोन ड्रॉवरमध्ये चालूच ठेवला. बिनमोबाईलचं कुणी आलं की अप्पांचा नंबर घालायचा, ओटीपी ड्रॉवरमधल्या फोनवर वाचायचा. अंबूताई, ऐंशीला आली तरी ब्लाऊज शिवते, तिला तर तो तोंडपाठ झाला.

दसऱ्याला गगननं वर्षातलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक शोधलं, मिक्सर बक्षीस द्यायला. पडद्यावर नाव आलं, शंभूराव. भिंतीवर हारातले अप्पा, खाली पडद्यावर अप्पा! मला हसू आवरेना. गगन लालबुंद झाला.

"अक्का, ही फसवणूक आहे!"

"कुणाची रे? दुकान अप्पांचं, नंबर अप्पांचा."

"ही धर्मशाळा नाही. उद्यापासून काउंटरवर मी बसणार."

त्यानं अप्पांच्या फोनमधलं सिम काढलं आणि माझ्यासमोर कात्रीनं कापलं. बापाचा नंबर! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी ही रांग. अंबूताईनं तूरडाळ आणि गूळ ठेवला आणि घडाघडा अप्पांचा नंबर म्हटला.

"तो बंद झाला, अज्जी. पूर्ण भाव पडेल," गगन म्हणाला.

तिनं गुपचूप गूळ बाजूला सारला. डाळ तेवढी ठेवली.

माझं डोकं फिरलं. त्याच्या हाताखालचा कीबोर्ड ओढला आणि त्याचाच नंबर मारला. त्याच्या खिशात फोन टुंग वाजला. अख्खी रांग खिशाकडे बघायला लागली.

"ओटीपी वाच."

"तमाशा नको, अक्का."

"तमाशा तू मांडलास! वाच, नाहीतर पाटीवरचं अप्पांचं नाव आत्ता खरवडून काढते. दुकान माझंही आहे, मूर्खा!"

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग फोन काढला. "चार... शून्य... सात... दोन."

मी गूळ अंबूताईच्या पिशवीत घातला. मागच्या बाईनं विचारलं, "मग आता आम्ही कुठला नंबर पाठ करायचा?"

मी गगनचा नंबर सांगितला. मोठ्यानं, दोनदा.