उजवीकडून डावीकडे

"तम्म."

यमीनाने हातातला कुणाचा तरी खालचा जबडा टेबलावर ठेवला, बोटाचं मेण पुसलं आणि फोन पुन्हा पाहिला.

"तम्म, ताई."

"तम्म, आणि तीन मैत्रिणींना टॅग केलंय."

"तम्म तम्म तम्म." हा उत्साही होता.

तम्म म्हणजे झालं. काय झालं, हे विचारायचं नसतं. फोनवर जिथे जिथे काही फुकट वाटलं जातं, मग तो शाम्पू असो, इस्त्री असो की मक्केच्या यात्रेचं तिकीट, तिथे लोक खाली 'तम्म' लिहितात आणि पुढच्या सोडतीकडे वळतात. अट वाचायची पद्धत नाही. यमीनाने मात्र अट घातली होती. अट कसली, प्रश्नच होता: 'तुमचा सर्वांत आवडता चित्रकथाकार कोण, आणि त्याचं कुठलं पान तुम्हाला सोडत नाही?' हा प्रश्न तिने दोन रात्री घासूनपुसून तयार केला होता. समोरच्या दाढेला घातला असता एवढा वेळ, तर दाढ बरी बसली असती.

फोन पुन्हा वाजला. बगदाद नावाच्या गृहस्थाने लिहिलं होतं: "ताई, तेलाचा डबा किती लिटरचा?"

"तेल नाही, पुस्तक आहे," यमीनाने लिहिलं. "जपानी चित्रकथा. मंगा."

"हरकत नाही. तम्म."

मोस्तागानेममध्ये, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर यमीना लोकांचे दात बनवायची. गेली वीस वर्षं. डॉक्टर खालून साचे पाठवायचे, ती वरून दात पाठवायची. अर्धं गाव तिच्या दातांनी जेवत होतं, भांडत होतं, लग्नात हसत होतं, आणि त्यातल्या एकाशीही तिचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. बोलायला हूरिया होती. शाळेपासून दोघी मंगा वाचायच्या. एक पुस्तक दोघींत फिरायचं आणि मग त्यातल्या एका नाकावर त्या आठवडाभर वाद घालायच्या. हूरिया लग्न करून समुद्रापलीकडे लिऑनला गेली. तिथून ती पुस्तकं पाठवते, त्यांच्याबद्दल बोलत मात्र नाही. यमीनाने चार परिच्छेद लिहिले की ती अंगठा पाठवते. पिवळा.

म्हणून यमीनाने ग्रुप काढला. नाव ठेवलं 'उजवीकडून डावीकडे'. मंगा तसाच वाचतात, फ्रेंचमध्ये छापलेला असला तरी. ग्रुपचा पहिला नियमच तो होता. सभासद भराभर वाढले. त्यांचे वाद ठरलेले: कोण कुणाला हरवेल, कुणाच्या तलवारीत जास्त दम. यमीनाच्या आवडीच्या बाईंचं नाव तिथे कुणी ऐकलंही नव्हतं. हामुरा सेत्सु. या बाईंनी आयुष्यात मोजकंच काढलं आणि त्यातलं 'मिठागर' हे एकच फ्रेंचमध्ये आलं. एका बेटावर एक घर मीठ पिकवतं. आई, बाप, मुलगा. पानंच्या पानं नुसतं मीठ ओढणं, वारा, जेवण. कुणी कुणाला मारत नाही.

"यातल्या मुलाला शक्ती कितव्या प्रकरणात मिळते?" एकाने विचारलं होतं.

"मिळत नाही," यमीनाने उत्तर दिलं होतं. त्याने ग्रुप सोडला.

तेव्हा तिने ठरवलं, पदरमोड करून पुस्तक वाटायचं. शंभरांनी वाचू नये, एकाने वाचावं. आणि मग येऊन तिच्याशी भांडावं.

दुपारी अनीस वर आला. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि ग्रुपचा दुसरा अॅडमिन होता. हातात पावात घातलेली गरम कारांतिका होती. बेसनाच्या त्या वड्यांचा वास प्लास्टरच्या वासात मिसळला.

"खा, ताई. तुमचा चेहरा बघून डॉक्टरांचे पेशंट पळतील."

"पेशंट इथे येतच नाहीत."

"तरीच." त्याने एक जबडा उचलून उघडमीट केला. "ताई, तुम्ही प्रश्न विचारता तिथेच गाडी अडते. लोक बिचारे बक्षीस घ्यायला आलेत, परीक्षा द्यायला नाही."

"आवडता चित्रकार कोण, ही परीक्षा?"

"'कुठलं पान तुम्हाला सोडत नाही', ही परीक्षा. मी अॅडमिन आहे, मलाही येत नाही."

"तू वाचलंयस 'मिठागर'?"

अनीसने जबडा बंद केला. "सुरू केलंय."

"मी तुला गेल्या रमजानमध्ये दिलं होतं."

"सावकाश वाचतोय. मीठ आहे ना, जपून."

सोडत काढली. फोनवरच्या चाकाने गरगर फिरून नाव दिलं: बगदाद. तेलवाला.

"पुन्हा फिरव," यमीना म्हणाली.

"असं नाही करता येत, ताई. सगळे लाइव्ह बघतायत. गेल्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात."

गेल्या वेळी लांब नखांची एक मुलगी जिंकली होती. तिने पुस्तक गालाला लावून फोटो काढला, हृदयं टाकली आणि गेली. तीन आठवड्यांनी तेच पुस्तक यमीनाला आठवडी बाजारात दिसलं. ताडपत्रीवर, बारावीच्या गणिताच्या गाइडला टेकून. ओळखायला वेळ लागला नाही. वाटायच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर ती स्वतः एक लाल पट्टी चिकटवायची: 'थांबा! हा शेवट आहे. पुस्तक उलटं करा.' लोक फ्रेंच पुस्तक फ्रेंचसारखं उघडतात आणि शेवटच्या पानापासून सुरू करतात, म्हणून. ताडपत्रीवरच्या बेंदेहीबा काकांकडून तिने स्वतःचंच पुस्तक विकत घेतलं. काका पूर्वी बंदरात बर्फ फोडायचे, आता जुनी पुस्तकं विकायचे. देताना कुरकुरले होते, "आठवडाभर थांबली असतीस तर बरं झालं असतं." भाव वाढवायची युक्ती, असं तिला वाटलं होतं.

तेच पुस्तक आता तेलवाल्याला लागलं.

बगदाद दुसऱ्या दिवशी आला. पुस्तक हातात घेऊन त्याने यमीनाच्या मागे पाहिलं, आणखी काही येतंय का.

"एवढंच?"

"एवढंच."

"चित्रं आहेत होय. नातवाला होईल." मग दाराशी थांबून, "ताई, दात तुम्ही बनवता ना? त्याची सोडत कधी?"

शुक्रवारी सकाळी कुसकुस वाफेला लावून आई ओट्याशी बसली होती. हज करून आल्यापासून सगळे तिला हाज्जा म्हणत, यमीनासुद्धा.

"कुठे निघालीस?"

"बाजारात."

"त्या पोरांच्या पुस्तकांसाठी? एक विकत घेतेस, फुकट देतेस, पुन्हा तेच विकत घेतेस. धंदा छान आहे. तुझा बाप असता तर त्याला मी सांगितलं असतं, बघ, मी तुला उगाच मूर्ख म्हणायचे."

"हाज्जा, त्यातलं एकाने जरी वाचलं ना—"

"मला वाचून दाखव."

यमीना थबकली. हे तिला कधी सुचलं नव्हतं. "खरंच ऐकशील?"

"मारामारी आहे?"

"नाही."

"मग जाऊन ये. येताना पुदिना आण."

बाजाराच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत काकांची ताडपत्री होती. यमीनाने गाइडं पाहिली, प्रेमकथा पाहिल्या, स्वयंपाकाची पुस्तकं वरखाली केली. 'मिठागर' नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं. म्हणजे तेलवाल्याने विकलं नाही. म्हणजे कदाचित नातू—

मग काकांच्या बुडाखालच्या खोक्यातून लाल पट्टी डोकावताना दिसली.

"काका!" तिचा आवाज शेजारच्या कोंबडीवाल्यापर्यंत गेला. "तुम्हाला लाज नाही वाटत? कुणीही काहीही आणून टाकतं आणि तुम्ही घेता. ते पुस्तक माझं आहे."

"होतं," काका म्हणाले.

"द्या इकडे. किती?"

"विकायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तम्म."

कोंबडीवाला हसला. यमीनाचं डोकंच फिरलं. महिनाभराचा सगळा राग तिने त्या म्हाताऱ्यावर काढला. लोकांना फुकट हवं असतं, हातात घ्यायला हवं असतं, उघडायला नको असतं. एका बाईने जन्म घालवून एकेक रेघ काढली आणि इथे तिचा भाव तेलाच्या डब्याखाली. आणि तुम्ही, काका, त्यावर बसता. अक्षरशः बसता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाईने काढलंय?"

"हो. हामुरा सेत्सु."

"तरीच."

"तरीच काय?"

"वाडगे." त्यांनी पुस्तक बाहेर काढलं. "तीन वाडगे आहेत ना घरात. पुरुषाने काढले असते तर तिन्ही एकसारखे काढले असते. हिने एकाची कड उडवलीय. आणि तो वाडगा आई दर वेळी स्वतःकडे घेते. कुठे लिहिलेलं नाही. पण घेते."

यमीना ताडपत्रीच्या कडेला बसली. एवढी वर्षं वाचत होती. कड उडालेला वाडगा तिला माहीत होता. तो कुणाकडे जातो, हे तिने पाहिलं नव्हतं.

"हूरियालासुद्धा दिसलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"कोण हूरिया?"

"कुणी नाही. काका, अजून काय? वारा बघितलात?"

"वारा चांगला काढलाय. पण गाढव जमलेलं नाही."

"गाढव उत्तम आहे!"

"पोरी, मी गाढवं बघितलीत. ते मागच्या पायावर भार असा देत नाही. तिने कुत्रा बघून काढलंय."

दोघं गाढवावर बराच वेळ भांडले. यमीनाचे कान गरम झाले. शाळा सुटल्यानंतर भिंतीला टेकून त्या दोघी भांडायच्या, तेव्हा व्हायचे तसे. एका गिऱ्हाइकाने गणिताच्या गाइडचा भाव विचारला, तर काकांनी "नंतर ये" म्हणून हाकललं.

"आणि सुरुवात," काका म्हणाले. "तो पोरगा होडीतून घरी येतो, काय काढलंय ते! आधी नुसता ठिपका, मग होडी, मग चेहरा—"

यमीनाचा चेहराच उतरला. एक वाचक मिळाला होता, आणि तोही हातचा गेला.

"काका, तुम्ही उलटं वाचलंत." तिने पुस्तक हिसकावलं, लाल पट्टीवर बोट आपटलं. "हे काय लिहिलंय? एवढं मोठं? हा शेवट आहे! मुलगा येत नाही, जातो. होडी लांब लांब जाते आणि ठिपका होते. ग्रुपचा पहिला नियम आहे हा!"

"होडीत तो घराकडे तोंड करून बसलाय. जाणारा असा बसेल?"

"मागे वळून बघतोय तो! म्हणून तर ते पान... आणि आई शेवटी तिसरा वाडगा उचलून ठेवते."

"माझ्या बाजूने काढून मांडते."

"पण बोलणी? ती कशी लागतील उलटी?"

"बोलतात किती? 'मीठ सुकलं का', 'वारा फिरला'. कुठूनही वाच."

"काका, बाजू एकच असते. उजवीकडून!"

"पोरी," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला, "मी कुराण कुठून उघडतो? उजवीकडून वाचायला तू मला शिकवणार? पहिल्यांदा सरळच वाचलं मी. तू म्हणतेस तसं. एकदा."

त्यांनी तळहाताने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. ती नव्हतीच.

"माझा पोरगा लहबीब ऑक्टोबरात गेला, चोरून, समुद्रापलीकडे. चौघं होते होडीत. समुद्र शांत होता म्हणे."

मोस्तागानेममध्ये याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. पोहोचलेल्यांचे बाप तो विचारण्याआधीच सांगतात.

कोंबडीवाल्याने एका गिऱ्हाइकाशी घासाघीस सुरू केली. यमीनाचा फोन थरथरला. अनीस: 'ताई, मिळालं का पुस्तक? पुढची सोडत कधी लावू?' मग तिने लिहिलं, "तम्म," आणि फोन पिशवीत टाकला.

पुस्तक अजून तिच्या मांडीवर होतं. तिने लाल पट्टीचं एक टोक नखाने उचललं. दातांवरचं जास्तीचं मेण काढायची सवय असलेलं नख होतं, तरी पट्टी सरळ निघेना. चिकटवलीच होती तशी. तुकड्या-तुकड्याने काढावी लागली. 'थांबा' सगळ्यात शेवटी निघालं. खाली डिंकाचा चौकोन राहिला. त्यावर तिने थोडी माती चोळली, म्हणजे चिकटणार नाही.

"घ्या," ती म्हणाली.

काकांनी खोक्यावर सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. त्यांनी पुस्तक आपल्या बाजूने उघडलं. त्या पानावर नुसता समुद्र होता, आणि लांब, कडेला, एक ठिपका.